निलगिरी : एक झाड, एक डोंगर आणि काही बागा

१

मराठी माणसाला ‘निलगिरी’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो बहुधा सर्दीपडशात. रुमालावर टाकलेले तेलाचे दोन थेंब आणि नाकात शिरणारा तो उग्र, गार वास. पुढे कधी तरी शाळेच्या आवारातली किंवा रस्त्याच्या कडेची उंच, साल गळणारी झाडे दाखवून कोणी सांगते, की ही निलगिरीची झाडे. भूगोलाच्या पुस्तकातला निलगिरी पर्वत येतो तो बराच नंतर. त्यामुळे झाडावरून डोंगराला नाव पडले असावे, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते.

प्रत्यक्षात हे झाड ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातले. निलगिरीच्या पठारावर ते पोहोचले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८४० च्या दशकात. डोंगराचे नाव त्याहून सातशे वर्षांनी तरी जुने आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या पुणिस नावाच्या सेनापतीच्या इ. स. १११७ च्या शिलालेखात तोडा लोकांचा आणि नील पर्वताचा उल्लेख येतो. परदेशी झाड आले, डोंगरावर फोफावले, त्याच्या पानांचे तेल तेथे गाळले जाऊ लागले, आणि तेलाच्या बाटलीबरोबर डोंगराचे नाव झाडाला चिकटून आपल्यापर्यंत आले. मराठीतच नव्हे, कन्नडमध्ये आणि हिंदीतही या झाडाला तेच नाव आहे. म्हणजे आलेल्या पाहुण्याने यजमानाचे नाव घेतले, आणि त्या डोंगरावर हजारो वर्षे उगवणारी झाडेझुडपे मात्र आपल्या भाषेत बिननावाची राहिली.

हा केवळ शब्दार्थाचा गमतीदार अपघात आहे असे मानून पुढे जाता येईल. परंतु या अपघातामागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग निलगिरीतील सार्वजनिक बागांतून जातो. उटीचे शासकीय वनस्पती उद्यान, कुन्नूरचे सिम्स पार्क, नडुवट्टमचे सिंकोनाचे मळे ही सारी स्थळे पर्यटकांच्या यादीत असतात. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याचा प्रयत्न आहे. बाग ही एका अर्थी संहिताच असते. तिच्यात निवड असते, क्रम असतो, शीर्षके असतात आणि कोणत्याही संहितेप्रमाणे गाळलेल्या जागाही असतात. या बागांनी आपल्याला डोंगर पाहायला शिकवले हे खरे. पण काय पाहू नये, हेही त्यांनीच शिकवले.

२

उटीच्या बागेचा उगम फुलांत नाही, भाजीत आहे. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली निलगिरीवर चढला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने उटीत पहिले युरोपियन घर बांधले. ते ‘स्टोनहाउस’ आज उटीच्या शासकीय कला महाविद्यालयाच्या आवारात उभे आहे. सलिव्हनने तेथील हवेत युरोपातल्या भाज्या, धान्ये व फळे लावून पाहिली आणि एक तळेही बांधवले. आजारी सैनिकांसाठी व थकलेल्या अधिकाऱ्यांसाठी हे ठिकाण सोयीचे आहे, हे त्याने मद्रास सरकारला पटवले. त्याच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या जमिनीवर तोडांचा हक्क आहे आणि ती घ्यायची तर मोबदला दिला पाहिजे, असा आग्रह धरणारा अधिकारीही तोच होता. तो आग्रह पुढे फार काळ टिकला नाही.

१८४५ च्या सुमारास उटीतल्या युरोपियन रहिवाशांनी दरमहा तीन रुपये वर्गणी काढून भाजीपाल्याची एक बाग चालवून पाहिली. वाजवी दरात ताजी भाजी मिळावी, एवढाच हेतू होता. ती योजना फसली. परंतु त्यातूनच सार्वजनिक बागेची कल्पना पुढे आली. मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांनी तिला पाठबळ दिले आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानातून १८४८ साली विल्यम ग्रॅहॅम मॅकआयव्हर हा तरुण माळी उटीस दाखल झाला. दोड्डबेट्टा शिखराच्या उतारावरची ही जागा वर झाडीची व चढाची, खाली दलदलीची. ती मोकळी करून, पाणी काढून, टप्पे पाडून, वाटा आखून बाग उभी करायला त्याला सुमारे दहा वर्षे लागली. १८७६ साली तो उटीतच वारला.

आज ही बाग सुमारे ५५ एकरांवर, समुद्रसपाटीपासून साधारण २२५० ते २५०० मीटरच्या दरम्यान पसरलेली आहे. खालच्या अंगाला विस्तीर्ण हिरवळ, पुढे इटालियन पद्धतीचे ताटवे, नेच्यांचे घर, काचघर, कारंज्याचा टप्पा आणि रोपवाटिका असा तिचा क्रम आहे. बुचाचे झाड, माकडालाही चढता येणार नाही म्हणून ‘मंकी पझल’ म्हणवले जाणारे चिली देशातले सूचिपर्णी झाड, निरनिराळे पाइन आणि सायप्रस, ऱ्होडोडेंड्रॉन अशी मंडळी येथे दाटीने उभी आहेत. एक अश्मीभूत खोड ठेवलेले आहे. ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगितले जाते. दर वर्षी मे महिन्यात येथे फुलांचे प्रदर्शन भरते आणि गर्दी इतकी होते, की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या मेपासून निलगिरीत येणाऱ्या वाहनांना ई-पास घ्यावा लागू लागला.

बहुतेक लोक खालच्या हिरवळीवर थांबतात. वर चढत गेल्यावर बागेच्या माथ्याशी तोडांची एक छोटी वस्ती लागते. तोडांच्या वस्तीला ‘मंड’ म्हणतात. उटकमंड या नावातला ‘मंड’ तोच. बांबू, वेत आणि गवत यांनी शाकारलेली, अर्ध्या पिंपासारख्या गोलाईची त्यांची पारंपरिक झोपडी येथे पाहायला मिळते. पर्यटक तिचे छायाचित्र काढतात. क्रमाने पाहिले तर ही वस्ती म्हणजे बागेचे शेवटचे, वाटल्यास पाहावे असे प्रकरण ठरते. इतिहासाच्या क्रमाने मात्र तेच पहिले पान आहे. बाग वस्तीच्या जमिनीवर आली. वस्ती बागेत आली नाही.

३

सार्वजनिक बाग म्हटले की आपल्यासमोर विरंगुळा येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात वनस्पती उद्यानाचा अर्थ बराच वेगळा होता. कोलकात्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली रॉबर्ट किडच्या पुढाकाराने बाग झाली ती उपयोगी झाडांच्या प्रयोगासाठी. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली सुरू झालेल्या बागेचेही काम बी-बियाणे आणि औषधी वनस्पती पुरवण्याचे होते. तिचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. बाग, दवाखाना, शेती आणि जंगल ही खाती तेव्हा एकमेकांना इतकी लागून होती.

उटीच्या बागेचे सर्वांत महत्त्वाचे काम सिंकोनाचे. हिवतापावरचे त्या काळातले एकमेव खात्रीचे औषध क्विनीन. ते सिंकोनाच्या सालीतून निघते, आणि हे झाड फक्त दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात होत असे. साम्राज्य उष्ण प्रदेशात टिकवायचे तर ही साल हाताशी हवी. १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम याच्या नेतृत्वाखाली ती आणण्याची मोहीम निघाली. मार्कहॅमने स्वतः पेरूतून आणलेली रोपे प्रवासात व नंतर मरून गेली. इक्वेडोरमध्ये रिचर्ड स्प्रूस याने जमवलेली लाल सालीच्या जातीची रोपे मात्र १८६१ च्या वसंतात उटीस पोहोचली. त्यांची संख्या चारशेहून अधिक होती. मॅकआयव्हरने ती वाढवली, कलमे केली, दोड्डबेट्टावर आणि नडुवट्टमला मळे उभे केले. झाड न तोडता सालीच्या उभ्या पट्ट्या काढाव्यात आणि उघड्या खोडावर शेवाळ बांधून नवी साल आणावी, ही त्याची रीत त्या काळी बरीच गाजली.

या मळ्यांवर राबणाऱ्यांत चिनी कैदी होते. मलायाकडील ब्रिटिश वसाहतींतून शिक्षा होऊन मद्रास इलाख्यात पाठवलेले हे लोक नडुवट्टमच्या तुरुंगात ठेवले होते. सुटका झाल्यावर त्यांतील काहींनी तमिळ स्त्रियांशी संसार थाटले आणि ते तेथेच भाजीपाला पिकवत राहिले. मद्रासच्या संग्रहालयाचे एडगर थर्स्टन यांनी शतकाच्या अखेरीस या कुटुंबांची नोंद केली, ती मात्र वंशशास्त्राचा नमुना म्हणून; डोक्याची व नाकाची मापे घेऊन.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला महाबळेश्वरचा ‘चायनामन’ धबधबा आठवायला हरकत नाही. तेथेही १८३० च्या दशकात असाच तुरुंग होता आणि त्यात चिनी व मलायी कैदी होते. बटाटे व इतर विलायती भाज्यांची लागवड त्यांच्या हातून झाली आणि त्यांच्या बागांवरून त्या धबधब्याला नाव पडले. पुढे लिंगमळ्याला सिंकोनाची लागवडही करून पाहण्यात आली, पण सह्याद्रीच्या त्या माथ्यावर ते झाड तगले नाही. दोन वेगळ्या इलाख्यांतली दोन थंड हवेची ठिकाणे आणि दोन्हीकडे तोच आराखडा: साहेबाची भाजी, बंदिवानाचे हात आणि अँडीजचे झाड.

सिंकोनाची कथा येथे संपत नाही. बोलिव्हियातला मान्वेल इंक्रा ममानी हा सिंकोनाचा जाणकार चार्ल्स लेजर या व्यापाऱ्यासाठी काम करत असे. भरपूर क्विनीन देणाऱ्या जातीचे बी त्याने जमवले. ते १८६५ मध्ये लंडनला आले. ब्रिटिश सरकारने ते घेतले नाही, डचांनी त्यातले थोडे विकत घेतले आणि त्यावर जावामध्ये क्विनीनची जवळपास मक्तेदारी उभी राहिली. ममानीला पुढे बी गोळा केल्याबद्दल पकडून मारहाण करण्यात आली आणि तो त्यातच गेला. जातीचे शास्त्रीय नाव मात्र लेजरच्या नावावरून पडले. भारतात निलगिरीच्या आणि दार्जिलिंगकडच्या सिंकोनापासून बनलेले औषध गावोगाव पोहोचले, बंगालमध्ये तर टपाल कार्यालयांतून पैशाला एक पुडी या दराने विकले गेले, आणि त्याने कित्येकांचे प्राण वाचवले हेही तितकेच खरे. या इतिहासाचे मूल्यमापन एका वाक्यात होत नाही. लुटीचे बी आणि औषधाची पुडी या दोन्ही गोष्टी एकाच झाडाच्या आहेत.

४

नावांचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबू. वनस्पती उद्यानातली प्रत्येक पाटी हे एक छोटे लेखन असते. लॅटिन नाव, कुळ, मूळ देश. लॅटिन नावाच्या मागे अनेकदा एखाद्या माणसाचे नाव दडलेले असते, आणि तो माणूस बहुधा युरोपियन असतो.

निलगिरीच्या फुलझाडांचा पहिला मोठा सचित्र अभ्यास रॉबर्ट वाइट याचा. हा कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर. १८४० च्या दशकात त्याने निलगिरीच्या वनस्पतींवर ‘स्पिसिलेजियम नीलघेरेन्से’ हा ग्रंथ काढायला सुरुवात केली आणि ‘आयकोनेस’ या त्याच्या बृहत्‌ग्रंथात दक्षिण भारतातल्या शेकडो वनस्पतींची चित्रे आली. ही चित्रे काढणारे दोन चित्रकार तेलुगू नावांचे: रंगय्या आणि त्यानंतर गोविंदू. त्यांच्याविषयी कागदोपत्री अगदी थोडे सापडते. देशी चित्रपरंपरेत मुरलेला हात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचे अवयव दाखवण्याची युरोपियन शिस्त यांचा त्यांच्या कामात झालेला मिलाफ पाहण्यासारखा आहे. वाइटने एका ऑर्किडच्या प्रजातीला गोविंदूचे नाव देऊन ‘गोविंदूइया’ अशी प्रजाती निर्माण केली. वर्गीकरणाच्या नियमांनुसार ते नाव पुढे टिकले नाही. ती वनस्पती दुसऱ्या, आधी नाव मिळालेल्या प्रजातीत गेली. अपवाद म्हणून आलेले एक नाव शास्त्राच्या रीतीनेच पुसले गेले. यात कोणाचा दुष्टावा नाही. पण कोणाची नावे सहज टिकतात आणि कोणाची टिकत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. मराठीच्या वर्गात आपण लोकगीतांच्या अनाम कर्त्यांबद्दल बोलतो, तेव्हा हा दाखलाही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.

५

कुन्नूरचे सिम्स पार्क ही याच डोंगरातली दुसरी बाग. पण तिचा स्वभाव निराळा आहे. मद्रास सरकारातील अधिकारी जे. डी. सिम आणि मेजर मरे यांच्या पुढाकाराने १८७४ साली ती आकाराला आली. उटीपेक्षा ती चारपाचशे मीटर खाली, सुमारे १७८० मीटरवर आहे, त्यामुळे हवा सौम्य आणि झाडोरा वेगळा. उटीची बाग उतार कापून टप्प्यांत बसवली आहे. कुन्नूरची सुमारे ३० एकरांची बाग एका घळीच्या वळणावळणाने खाली उतरते. सपाट करण्याऐवजी जमिनीचा मूळ आकार बराचसा तसाच ठेवल्यामुळे, आणि मूळच्या झाडीतली काही झाडेही राहिल्यामुळे, येथे चालताना आपण बागेत आहोत की जुन्या रानात, असा संभ्रम पडतो. वृक्षनेचे, मॅग्नोलिया, कॅमेलिया, अरौकेरिया आणि रुद्राक्षाचे झाड ही पाहण्याजोगी. मे महिन्यात येथे फळांचे प्रदर्शन असते. ज्यांना झाडे निवांत पाहायची आहेत, त्यांनी उटीपेक्षा येथे अधिक वेळ काढावा असे सुचवावेसे वाटते.

उटीतली शासकीय गुलाबबाग तुलनेने अलीकडची, १९९५ सालची. गुलाबाच्या हजारो वाणांचा संग्रह म्हणून तिची ख्याती आहे आणि जागतिक गुलाब संघटनेने २००६ मध्ये तिचा गौरवही केला. बाग म्हणून ती देखणी आहे. परंतु तिच्यातला एकेक गुलाब हा माणसाने संकरातून घडवलेला वाण; तो निलगिरीत आहे तसा जगात कोठेही असू शकतो. तेथे डोंगर केवळ हवा पुरवतो.

६

आता बागेच्या कुंपणाबाहेर पाहू. निलगिरीच्या वरच्या पठाराचे मूळ रूप दोन गोष्टींनी बनलेले होते. घड्यांमध्ये, ओढ्यांच्या काठाने दाट, बुटक्या, सदाहरित झाडांची राने, ज्यांना ‘शोला’ म्हणतात. आणि त्यांच्यामध्ये लाटांसारखी पसरलेली गवताळ कुरणे. हिवाळ्यात पडणाऱ्या हिमतुषारांमुळे उघड्या उतारावर शोलातल्या झाडांची रोपे सहसा जगत नाहीत. तेथे गवताचेच राज्य. पावसाचे पाणी हे गवत आणि त्याखालची माती स्पंजाप्रमाणे धरून ठेवते व सावकाश ओढ्यांत सोडते. भवानीसारख्या नद्यांच्या उगमाकडे बारमाही पाणी राहते त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे. तोडांच्या म्हशी याच कुरणांवर चरत आल्या.

इंग्लंडच्या टेकड्यांची आठवण करून देणारे म्हणून या गवताचे युरोपियनांना कौतुक होते. पण कौतुक वेगळे आणि हिशेब वेगळा. महसुली हिशेबात ज्यावर पीक नाही आणि लाकूडही नाही, ती जमीन ‘वेस्ट’ ठरली. आपल्या दप्तरी मराठीत त्याला शब्द आहे ‘पडीक’. जळणाची चणचण भासू लागली तेव्हा या पडीक जमिनीवर ऑस्ट्रेलियातली झाडे लावणे हा उघड उपाय वाटला. बागांतून आणि हौशी रहिवाशांच्या आवारातून पारखली गेलेली निलगिरी आणि वॅटल ही बाभळीच्या नात्यातली झाडे डोंगरभर गेली. शिवाय चहा-कॉफीचे मळे होतेच.

हे सारे साहेबाच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय मात्र इतिहास देत नाही. कुरणांवरची सर्वांत वेगवान लागवड स्वातंत्र्यानंतरची आहे. कातडी कमावण्यासाठी वॅटलची साल हवी होती. कृत्रिम रेशमाच्या उद्योगासाठी निलगिरीचा लगदा हवा होता. श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ मजुरांच्या पुनर्वसनासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी चहामळे उभे राहिले. यातली प्रत्येक गरज खरी होती आणि शेवटची तर मानवी होती. बळी गेले ते गवत, कारण गवताच्या बाजूने बोलणारा शब्द कोणत्याच सरकारी भाषेत नव्हता. तोडांच्या झोपड्या शाकारण्यासाठी लागणारे गवत दलदलीच्या जागी उगवते. त्या जागाही आटत गेल्या. बागेच्या माथ्यावर झोपडी उभी आहे, पण तिचे छप्पर जिथून येते ती जमीन आक्रसली आहे. बागेतली पाटी हे सांगत नाही.

७

डोंगर नेमका कशाने ओळखायचा, याचे उत्तर तमिळ काव्यशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक असायला हवे. संगम काव्यात भूप्रदेशाचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांना ‘तिणै’ म्हणतात, आणि प्रत्येक तिणैला तेथल्या वनस्पतीचे नाव आहे. डोंगराळ प्रदेश म्हणजे ‘कुरिंजी’. या प्रदेशाला प्रेमिकांच्या मीलनाची अवस्था, मध्यरात्रीचा प्रहर आणि गार ऋतू नेमून दिलेला आहे. कवीने डोंगरातले फूल, झरा किंवा मध यांचा उल्लेख करताच जाणत्या श्रोत्याला भाव कळतो. तो वेगळा सांगावा लागत नाही. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’तल्या महाराष्ट्री प्राकृत गाथा आणि ही तमिळ प्रेमकविता यांच्यातील साम्यावर अभ्यासकांनी लिहिले आहे. महाराष्ट्री ही आपली पूर्वज भाषा असल्याने हे नाते आपल्याला परके नाही.

ती नीलकुरिंजी म्हणजे गवताळ उतारांवर उगवणारे एक झुडूप. ते बारा वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते, बी धरते आणि मरते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात २००६ आणि २०१८ या सालांत मोठे बहर आले. त्या हिशेबाने पुढचा २०३० मध्ये. निळ्या डोंगराचे नाव याच फुलांवरून पडले असे अनेक जण मानतात, तर काही जण ते दूरच्या निळसर धुक्यावरून पडल्याचे सांगतात. काहीही असो, कुरिंजी ही कुंपणाच्या आत मे महिन्याच्या प्रदर्शनासाठी फुलवता येण्याजोगी गोष्ट नव्हे. तिला वेळ लागतो आणि तिला गवताळ डोंगर लागतो.

आपल्या सह्याद्रीतली कारवी ही कुरिंजीच्या कुळातली, अगदी जवळची. ती सात-आठ वर्षांनी फुलते. घाटमाथ्यावरच्या कुडाच्या भिंती तिच्या काठ्यांच्या आणि महाबळेश्वरच्या मधाच्या चांगल्या सालांचे श्रेयही तिच्याकडे. म्हणजे निलगिरी या शब्दाचा खरा वारस शोधायचा, तर तो आपल्याला तेलाच्या बाटलीत नाही, कारवीच्या जाळीत सापडेल.

तोडांच्या गीतांचा उल्लेख केल्याखेरीज हा भाग पुरा होत नाही. भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९३० च्या दशकात ती गोळा केली. ‘तोडा साँग्ज’ हा त्यांचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. या भाषेला स्वतःची लिपी नाही. गीतातली वाक्ये ठराविक लहान घटकांत बांधलेली आणि घटक जोडीजोडीने येणारे. एका वस्तीच्या नावाशेजारी दुसऱ्या वस्तीचे, एका म्हशीच्या नावाशेजारी दुसरीचे. आपल्या ओवीतली जोडरचना ज्याच्या कानात आहे, त्याला यातला आनंद समजावून सांगावा लागणार नाही. ही गीते म्हणजे त्या कुरणांची दुसरी वनस्पतिसूची होय. तिच्यात पाट्या नाहीत, पण स्थळे, झरे आणि जनावरे यांची नावे आहेत.

८

गेल्या काही दशकांत बागेचा अर्थ बदलू पाहत आहे, हीही नोंद केली पाहिजे. निलगिरीला लागून असलेल्या केरळातील वायनाडमध्ये पेरिया येथे ‘गुरुकुल बोटॅनिकल सँक्चुअरी’ आहे. वुल्फगँग थॉयरकाउफ यांनी ती १९८१ मध्ये सुरू केली. पश्चिम घाटातल्या धोक्यात आलेल्या वनस्पती, विशेषतः नेचे, ऑर्किड आणि तेरड्याच्या जाती, येथे निर्वासितांप्रमाणे आणून जोपासल्या जातात. जगभरची नवलाई एका जागी मांडणे हे जुन्या बागेचे काम होते. शेजारच्या डोंगरातले जे हरवत चालले आहे ते जगवून पुन्हा डोंगराला देणे, हे या बागेचे. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये आक्रमक परदेशी वनस्पती हटवून मूळ परिसर सुधारण्याचे धोरण जाहीर केले. शोला आणि कुरणे परत आणण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. मात्र एकदा झाडांखाली गेलेले गवत परत आणणे हे झाड लावण्याहून कितीतरी अवघड काम आहे.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तो एक कातळाचा सडा आहे. तेथे कोणी बाग लावलेली नाही. सात-बाराच्या भाषेत अशा सड्यांचे आणि माळरानांचे वर्णन आजही बहुतेक वेळा ‘पडीक’ असेच होते. २०१६ पासूनच्या चार वर्षांत राज्यात कोट्यवधी वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या; महाविद्यालयांनीही त्यांत उत्साहाने भाग घेतला. रोप लावणे हे पुण्यकर्म खरे, पण ते कोठे लावतो आहोत हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. माळढोकाच्या नावातच माळ आहे. माळावर झाडे दाटली तर तो पक्षी राहणार कोठे, हे समजायला पक्षीतज्ज्ञ असावे लागत नाही. मराठी शब्द नीट ऐकला तरी पुरे.

तेव्हा निलगिरीच्या बागा जरूर पाहाव्यात. उटीच्या हिरवळीवरून वर तोडांच्या मंडापर्यंत चालत जावे, नडुवट्टमला तुरुंगाची जुनी इमारत पाहावी, सिम्स पार्कच्या घळीत दुपार काढावी, आणि नंतर मुकुर्तीच्या बाजूला जिथे परवानगी असेल तिथून मूळचे कुरण दुरून तरी पाहावे. ते पाहिल्याखेरीज बाग कशाच्या जागी उभी आहे ते समजत नाही. परत आल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. गावाच्या आसपासच्या माळावरच्या किंवा सड्यावरच्या गवतांची आणि रानफुलांची जी नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना, गुराख्यांना ठाऊक आहेत ती गोळा करून लिहून काढायची. गुरे राखणारी पिढी सरते आहे, आणि तिच्याबरोबर ही नावेही चालली आहेत. ती गेली, की त्या जमिनीसाठी आपल्या भाषेत ‘पडीक’ एवढाच शब्द उरेल.